रिपीटर बहिरा होतो तेव्हा

रिपीटर पूर्ण बंद पडला तर लगेच कळतं. कुणीतरी हातातल्या छोट्या सेटचं, म्हणजे हँडीचं बटण दाबतं, पलीकडून ओळखीची बीप येत नाही, आणि अर्ध्या तासात क्लबमधल्या सगळ्यांना बातमी लागते. अवघड असतो तो दुसरा आजार. आवाज खणखणीत येतोय, शहरातल्या प्रत्येकाच्या सेटवर सिग्नल भरलेला दिसतोय, आणि रिपीटरचे कान मात्र गेलेत. तीस-चाळीस किलोमीटरवरून ५ वॅटच्या सेटवर बोलणाऱ्याची हाक त्याला ऐकूच येत नाही. बोलणाऱ्याला वाटतं, आपलाच सेट कमी पडतोय. तो चार वेळा हाक मारतो आणि गप्प बसतो. असे महिनेच्या महिने जाऊ शकतात. हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे रिपीटर सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी लागते ती या बहिरेपणाचं कारण शोधताना.

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेलं असं यंत्र, जे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने बोलून दाखवतं. भारतात रिपीटर बहुतेक करून चालतात ते दोन मीटरच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून उंची हवी. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, पुणे साडेपाचशेच्या आसपास. एवढ्या फरकाला रेडिओचं क्षितिज हिशेबाने शंभर किलोमीटरच्या पलीकडे जातं. दूरदर्शनचा मनोरा तिथे उभा राहिला तो याच कारणाने. हॅम क्लबांची नजरही अशाच माथ्यांवर असते, आणि असे माथे म्हणजे पाऊस, धुकं, वारा आणि विजा.

आता या यंत्राची मूळ अडचण. समजा, ते १४५.००० मेगाहर्ट्झवर ऐकतं आणि १४५.६०० वर बोलतं. अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल पकडतो. त्या सिग्नलची ताकद आणि शेजारच्याच पेटीतल्या २५ वॅटच्या ट्रान्समीटरची ताकद यांचं गुणोत्तर मांडायचं तर दोनावर सोळा शून्यं द्यावी लागतात. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकात उभं राहून रस्त्यापलीकडची कुजबुज ऐकायची, तीही सलग, वर्षभर, असं हे काम आहे. त्यात अँटेना दोघांत मिळून एकच.

ही वाटणी करतो डुप्लेक्सर. धातूची उभी नळकांडी, बहुधा सहा, आणि प्रत्येकाच्या आत पाव लहरीच्या लांबीची, म्हणजे साधारण ५२ सेंटिमीटरची दांडी. या नळकांड्यांना कॅव्हिटी म्हणतात. तीन ट्रान्समीटरच्या वाटेवर, तीन रिसीव्हरच्या. रिसीव्हरकडच्या कॅव्हिटी १४५.६०० चा मुख्य आवाज अडवतात. ट्रान्समीटरकडच्या तिघींचं काम लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. कोणताही ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूलाही थोडी खरखर सोडतो, आणि ती नेमकी १४५.००० वर, रिसीव्हरच्या कानात पडते. तिला उगमापाशीच गाळावं लागतं. चांगला डुप्लेक्सर दोन्ही वाटांवर ८५ ते ९० डेसिबल अडवतो. ९० डेसिबल म्हणजे शंभर कोटींतला एक भागच पलीकडे जाऊ द्यायचा.

इतकी काटेकोर गोष्ट बिघडवायला तापमानही पुरतं. आतली दांडी निव्वळ तांब्याची असती तर २० अंशांच्या फरकाने ती जेमतेम ०.१८ मिलिमीटरने वाढली असती, पण तेवढ्याने कॅव्हिटीची जागा ५० किलोहर्ट्झने सरकली असती. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत याहून जास्त फरक पडतो. म्हणून चांगल्या कॅव्हिटीतली जुळवणीची कांडी इनव्हारची असते. लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल यांचा हा मिश्रधातू तांब्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी फुगतो. निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. डोंगरावरची एखादी पेटी उन्हाळ्यात आणि थंडीत सारखीच वागते, त्यात त्यांचाही वाटा आहे.

डुप्लेक्सरच्या डोक्यावर नट दिसत असतात आणि दुरुस्तीला गेलेल्याला ते फिरवून बघायचा मोह होतो. तो मोह आवरायला हवा. सहा कॅव्हिटींची बसलेली जुळवणी एकदा हलली की डोंगरावर, हवी ती उपकरणं हाताशी नसताना, ती पुन्हा बसत नाही. तळहातावर मावणारा नॅनो-व्हीएनए नावाचा स्वस्त मापक आता बऱ्याच हॅमकडे असतो आणि त्याने खूप सोय केली आहे. पण सुरुवातीच्या नॅनो-व्हीएनएची नजर जेमतेम ७० डेसिबलपर्यंत पोचते, त्यामुळे ९० डेसिबलचा अख्खा डुप्लेक्सर त्यावर एकदम दिसत नाही. एकेक कॅव्हिटी सुटी करून बघावी लागते. आणि एकदा जुळवून नट घट्ट केलेला डुप्लेक्सर फारसा बिघडत नाही. तो सुटा करण्याआधी बाकी सगळं तपासून घेणं शहाणपणाचं.

तपास सुरू होतो एका सोप्या प्रयोगाने. ट्रान्समीटर बंद ठेवायचा आणि रिसीव्हरचा स्पीकर चालू करून एक क्षीण सिग्नल ऐकायचा. दूर उभ्या असलेल्या मित्राला हँडीची ताकद सर्वांत कमी ठेवून आकडे मोजायला सांगितलं तरी चालतं. सिग्नल जनरेटर असेल तर उत्तम. शब्द कळताहेत पण मागे खरखर आहे, अशा बेताचा तो हवा. आता ट्रान्समीटर चालू करायचा. खरखर होती तेवढीच राहिली तर कान शाबूत आहेत. ती वाढली, मित्राचे आकडे बुडाले, तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतोय. नुसत्या ६ डेसिबलचा फटका बसला तरी ५ वॅटचा हँडी सव्वा वॅटचा झाल्यासारखा होतो. दोष मोठा असेल तर आणखी एक खूण दिसते. क्षीण सिग्नल आला की रिपीटर उघडतो, स्वतःच्या आवाजाने तो सिग्नल बुजवतो, मिटतो, पुन्हा उघडतो. ऐकणाऱ्याला फक्त तुटक ठोके ऐकू येतात.

पुढची पायरी प्रश्नाचे दोन तुकडे करते. डुप्लेक्सरवरची अँटेनाची केबल सोडवायची, तिथे अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा ५० ओहमचा डमी लोड लावायचा, क्षीण सिग्नल एका खास टी-जोडातून आत सोडायचा आणि तोच प्रयोग पुन्हा करायचा. त्रास गेला तर दोष बाहेर आहे: केबल, अँटेना, मनोरा. त्रास राहिला तर आत: जोडकेबली, कनेक्टर, पेट्यांचं शील्डिंग, आणि सगळ्यात शेवटी डुप्लेक्सर. आतल्या जोडकेबली एकेक करून बोटाने हलवायच्या, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कनेक्टरवर हलकेच टिचकी मारायची. एखाद्या ठिकाणी स्पीकरमध्ये ‘कर्र’ झालं की चोर सापडला. घाईत पिळलेला किंवा डाक नीट न लागलेला एक कनेक्टर हजारोंच्या यंत्राला बहिरं करू शकतो.

दोष बाहेरचा असेल तर सह्याद्रीत पहिला संशय पाण्यावर घ्यावा. महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो वाऱ्यासोबत आडवा येतो. अँटेनाखालच्या कनेक्टरवरची टेप जरा सुटली की पाणी केबलच्या जाळीतून झिरपत खाली उतरतं, तांबं आधी काळवंडतं, मग हिरवं पडतं. अशी केबल कापली तर कधी कधी आतून पाणी ठिबकतं. इथे मीटर फसवतो. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते याचं माप, कमी म्हणजे सगळं ठीक, असं शिकवलेलं असतं. पण केबलच पाऊण ताकद खात असेल, तर वर अँटेना तुटून पडलेली असली तरी खालचा मीटर १.७ च्या आसपास दाखवतो, कारण परत येणारी ताकदही वाटेतच जिरते. पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप ‘सुधारला’ असेल तर आनंद मानू नये. खात्री करायला केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड आणि वॅटमीटर लावून किती पोचतं ते बघणं, एवढाच मार्ग. ३० मीटरच्या चांगल्या आरजी-२१३ मधून २५ पैकी साधारण १४ वॅट वर पोचतात, अर्ध्या इंची हेलिअ‍ॅक्समधून वीस-एकवीस. पैसा मोजकाच असेल तर तो नव्या सेटवर घालण्याआधी केबलवर घालावा, कारण तिथे वाचलेली ताकद बोलताना आणि ऐकताना दोन्हीकडे कामाला येते.

जोडावरचं आवरण नीट केलं तर पुढचे दोन-तीन पावसाळे सुखात जातात. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर घेत गुंडाळायची, म्हणजे पाणी फटीत न शिरता ओघळून जातं. वरून साधी काळी टेप, कारण रबराला ऊन सोसत नाही. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, तिथून पाणी ठिबकून जातं.

कमी तोट्याची म्हणून हॅममध्ये लोकप्रिय असलेली एलएमआर-४०० इथे मात्र टाळावी. तिच्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि कल्हई केलेल्या तांब्याची जाळी एकमेकांवर टेकलेली असतात. नुसतं ऐकायला किंवा नुसतं बोलायला ती छान आहे. पण एकाच केबलमधून दोन्ही एकाच वेळी चालतं तेव्हा या दोन धातूंच्या घासण्यातून खरखर जन्माला येते, वारा सुटला की जास्तच. मनोऱ्यावरचा गंजका बोल्ट, सैल क्लँप, लोंबती तार हेही तेच करतात. जवळ दुसरे ट्रान्समीटर असतील तर गंजलेला सांधा त्यांच्या फ्रिक्वेन्सी मिसळून नवीनच फ्रिक्वेन्सी तयार करतो. १४५.६०० ची दुप्पट करून त्यातून १४६.२०० वजा केले की बरोबर १४५.००० उरतात, आणि तो आवाज थेट रिपीटरच्या कानात जातो.

विजेचा भाग सरळ आहे, पण बरेच बिघाड तिथेच होतात. कितीतरी क्लबांनी दोन जुने मोबाइल सेट पाठीला पाठ लावून रिपीटर उभे केलेत. असा सेट सतत बोलण्यासाठी बनलेला नसतो. गप्पा रंगल्या की त्याचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापत जातो. म्हणून ताकद मुद्दाम अर्ध्यावर ठेवायची, पंखा लावायचा आणि तीन मिनिटांनी बोलणं तोडणारा टायमर चालू ठेवायचा. बॅटरी नुसती मोजून उपयोग नाही. १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी बटण दाबताच साडेदहावर आली तर तिचं आयुष्य संपलेलं आहे. वीज पडण्याचा धोका एप्रिल-मेच्या वळवातच सुरू होतो. मनोरा, केबलचं कवच, विजेचा पुरवठा, सगळ्यांचं अर्थिंग एकाच पट्टीवर आणलेलं असलं तर नुकसान बरंच टळतं.

ज्या रिपीटरपर्यंत पाना घेऊन जाताच येत नाही, त्यांच्या कथाही बॅटरीशीच येऊन थांबतात. ५ मे २००५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा खास हॅम मंडळींसाठीचा उपग्रह सोडला. जगभरच्या लोकांनी तो नऊ वर्षं वापरला आणि २०१४ च्या जुलैत बॅटरी निकामी होऊन तो थांबला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये गेलेला ऑस्कर-७ हा हॅम उपग्रह याच्या उलट वागला. १९८१ मध्ये त्याच्या बॅटरीत शॉर्ट झाला आणि तो मेला असं सगळ्यांनी धरलं. २१ जून २००२ ला तो अचानक पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेला सेल पुढे पूर्ण तुटला असावा आणि सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली, असा त्याचा उलगडा. तेव्हापासून तो उन्हात चालतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद पडतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. दोन पट्ट्यांत इतकं अंतर ठेवल्यामुळे अवघ्या ६०० किलोहर्ट्झवरचा तो जड डुप्लेक्सर त्याला वागवावा लागत नाही.

जमिनीवरच्या रिपीटरला वाचवतं ते त्याचं वहीतलं टिपण. यंत्र धडधाकट असतानाचे आकडे त्या वहीत असायला हवेत: किती वॅट निघतात, किती परत येतात, किती क्षीण सिग्नलला तो उघडतो, बोलताना बॅटरी किती उतरते, डुप्लेक्सरच्या आधी आणि नंतर किती ताकद आहे. मेमध्ये एकदा, दिवाळीच्या सुमारास एकदा. हे आकडे नसतील तर बिघाड झाल्यावर कशाशी तुलना करायची, हेच कळत नाही. वापरणाऱ्यांनीही ‘रिपीटर बरोबर नाही’ एवढ्यावर थांबू नये. ठिकाण, वेळ, सेटची ताकद आणि हवामान सांगितलं तर डोंगर चढणाऱ्याची पिशवी त्याप्रमाणे भरता येते. वाऱ्यात खरखर होत असेल तर पाने आणि नवे क्लँप. पावसानंतर क्षीण झाला असेल तर रबरी टेप, कनेक्टर आणि वॅटमीटर. भर दुपारी गप्पांच्या मध्येच बंद पडत असेल तर पंखा. आणि वीज गेल्यावर पाच मिनिटांत गप्प होत असेल तर नवी बॅटरी, जी वर वाहून न्यायला दोघं तरी लागतात.