तीन कुंड्यांची शाळा

मैत्रिणींनो, फाल्गुन लागला की आपल्या घराघरांत कामांची एकच गर्दी उडते. तिखट-मसाला करायचा, पापड-कुरडयांची वाळवणं घालायची, गहू निवडून ठेवायचे, मोठ्या मुलांच्या परीक्षा सांभाळायच्या. या धांदलीत वसंत ऋतू दारावरून कधी निघून जातो, हे कळतसुद्धा नाही. आंब्याची पहिली पेटी घरात आली, की मग आपण म्हणतो, ‘अगंबाई, उन्हाळा आलासुद्धा!’

आमच्या घरी यंदा मात्र वसंताची अगदी तारीखवार नोंद झाली आहे. ती ठेवणारी व्यक्ती साडेपाच वर्षांची आहे, आणि सध्या ती शाळेत जात नाही.

‘म्हणजे?’ असे तुम्ही विचारणारच. आमच्या साताऱ्यातल्या आळीतही सगळ्यांनी विचारले. गेल्या वर्षी आम्ही धाकटीला बालवाडीत घातले. घरात दिवसभर चिवचिवणारी ही पोर तिथे सहा महिने तोंडातून अक्षर काढीना. बाईंनी प्रेमाने विचारून पाहिले, इतर मुलांनी चिडवून पाहिले, आम्ही खाऊचे आमिष दाखवून पाहिले. घराच्या फाटकात पाऊल पडले की बडबड सुरू, आणि फाटकाबाहेर पडले की ओठ घट्ट मिटलेले! कान तपासून घेतले, ते उत्तम निघाले. मुलांच्या मनाच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सांगितले, “हा हट्ट नव्हे, भीती आहे. ‘बोल, बोल’ म्हणून मागे लागू नका. पण तिला घरात कोंडूनही ठेवू नका. हाताला काही काम असू द्या, ओळखीचे माणूस जवळ असू द्या, आणि बाहेरची माणसे एकेक करून तिच्या जगात येऊ द्या.”

जूनमध्ये तिला पहिलीत घालायचे, हे तर पक्के आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ सालचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीचे काही महिने घरी शिकवायला कोणाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती घरातच! मी आठवड्यातून तीन दिवस दुपारी हायस्कुलात मराठी शिकवायला जाते. सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्यांची मुलं शिकवायला जातेस आणि आपली घरात ठेवतेस? लोक काय म्हणतील?” हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राआड गेले. पण मग त्यांनीच शनिवारी तीन कुंड्या आणून अंगणात ठेवल्या, आणि आमची शाळा सुरू झाली.

अंगणातली शाळा ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही, बरं का! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाने, बिया, शंख-शिंपले, खडे हीच त्यांची शिकवण्याची साधने. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, तर शाळाच कुरणात नेली. तिचे नावही ‘कुरणशाळा’! ‘अंगणवाडी’ हा शब्दही त्यांच्याच अंगणातला. त्या मानाने आपल्याकडे काय कमी आहे? ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींना गॅलरीचा एक उन्हाचा कोपरा मिळाला तरी पुष्कळ झाले.

पळसाला पाने तीनच

सकाळी नऊच्या आत, नाही तर संध्याकाळी पाचनंतर, आम्ही दोघी अजिंक्यताऱ्याच्या वाटेने फिरायला जातो. मधले ऊन मुलांना सोसत नाही. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जुनी वही, एवढेच सामान.

फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर यांची पाने झडलेली आणि फांद्या फुलांनी पेटलेल्या असतात. पाने आड येत नसल्यामुळे फुले लांबूनही पाखरांना दिसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो, पण प्रत्यक्ष मोजून पाहिली आहेत का? आम्ही मोजली. चैत्राकडे नवी पाने आली, तेव्हा एका देठावर तीन, दोन देठांवर सहा, तीन देठांवर नऊ, असे करत धाकटीने तिनाचा पाढा स्वतःच रचला. पांगाऱ्यालाही तीनच पाने निघाली, तेव्हा ‘मग म्हण पळसाचीच का?’ असा प्रश्न आला. त्याचे उत्तर मला देता आले नाही! सावरीच्या जाड, मखमली फुलाला पाकळ्या पाच, सदाफुलीलाही पाच. तो पाचाचा पाढा झाला.

झाडाखाली पडलेली पळसाची फुले वेचून आणून रात्रभर गरम पाण्यात भिजत घातली, की सकाळी सुंदर केशरी-पिवळे पाणी तयार होते. रंगपंचमीला तेच वापरले. (पांढऱ्या कपड्यांवर मात्र डाग राहतो, तेव्हा कपडे जुनेच घालावेत.)

पिंपळाची कोवळी पाने तांब्यासारखी लाल का, मग हिरवी का होतात, कडुनिंबाचा मोहोर पाडव्याला आपण खातो त्याला वास कसा येतो, असे प्रश्न पावलोपावली निघतात. कोवळ्या पानातला तांबूस रंग त्याला कडक उन्हापासून जपतो. पान जून झाले की हिरवा रंग वर येतो. एवढे सोपे उत्तर मुलांना पुरते.

आणि कोकिळेची गंमत ऐका. ‘कोकिळा गाते’ असे आपण सर्रास म्हणतो. पण ‘कुहू कुहू’ करतो तो नर, चकचकीत काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी रंगाची, अंगभर पांढरे ठिपके असलेली. ती गात नाही, नुसते ‘किक् किक्’ ओरडते आणि कावळ्याच्या घरट्यात गुपचूप अंडी घालून येते. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, “कोकिळा ओरडतेय गं!” तर आतून लगेच दुरुस्ती आली, “आजी, ओरडतोय! तो बाबा कोकीळ आहे.” ऐंशीच्या घरातल्या आजीने त्या दिवशी नवा धडा घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘लोक काय म्हणतील’ थोडे कमी झाले.

कुंड्या कशा भराव्यात

महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही कुंड्या भरल्या. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू, असे मिश्रण करावे. गॅलरीत वजन नको असेल, तर वाळूऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यावा. कुंडीच्या तळाला भोक हवेच. त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. तेलाचा रिकामा डबा वापरायचा असेल, तर कडा आधी ठोकून घ्याव्यात, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत.

पहिल्या कुंडीत मेथी, दुसरीत भेंडी, तिसरीत कोथिंबीर. ही निवड मुद्दाम केली होती. मेथी तीन-चार दिवसांत डोके वर काढते, त्यामुळे लहान मुलांचा धीर सुटत नाही. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून, बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टोचले, की आठवडाभरात उगवते. धने मात्र हलके रगडून, दोन फाके करून पेरले, तरी आठ-दहा दिवस लावतात. पाचव्या दिवशी धाकटीने माती उकरून पाहिली. मी रागावले नाही. ‘आत काहीतरी चाललंय, आपल्याला दिसत नाही इतकंच,’ असे म्हणून आम्ही माती पुन्हा सारखी केली. कोथिंबिरीच्या त्या कुंडीपाशी मी स्वतः जरा जास्तच वेळ उभी राहत असे. का, ते तुम्हा आयांना सांगायला नकोच.

पाणी सकाळी लवकर घालावे. चैत्रात ऊन तापू लागले, की संध्याकाळीही थोडे शिंपडावे आणि मातीवर वाळक्या पानांचा थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. कोथिंबिरीला दुपारची सावली हवी. मेथी महिन्याभरात खुडण्याजोगी होते. स्वतः लावलेली म्हटल्यावर कडू मेथीची भाजीही बिनतक्रार पोटात जाते, हा आणखी एक फायदा!

लिहिणे आणि गणित यासाठी एक सोपी युक्ती सांगते. दर रविवारी भेंडीच्या रोपाइतका लोकरीचा तुकडा कापायचा आणि वहीत उभा चिकटवायचा. खाली तारीख घालायची. चार-पाच आठवड्यांत लोकरीच्या चढत्या पायऱ्या तयार होतात. कुठल्या आठवड्यात रोप जास्त वाढले, किती बोटे वाढले, हे मूल आपणहून मोजू लागते. तारखेनंतर एक शब्द लिहायचा, पुढे दोन शब्द, पुढे वाक्य. आमच्या वहीतले पहिले वाक्य आहे, ‘भेंडी माझ्या गुडग्याएवडी झाली.’ शुद्धलेखन मी तूर्त तसेच राहू दिले आहे.

एवढे मात्र सांभाळा

रस्त्यात दिसणारे प्रत्येक फूल हाती देऊ नये. कण्हेरीचे सगळेच झाड विषारी आहे. धोतऱ्याची फळे, एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंज मुलांना खेळायला मुळीच देऊ नयेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. ‘विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही’ हा नियम पहिल्याच दिवशी शिकवावा. मातीत खेळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते पाहावे. पाखरांसाठी पाणी ठेवाल, तर परात उथळ असू द्या आणि पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय व्हायची.

मावा आणि चार शब्द

बियाण्यांसाठी आम्ही गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत जात होतो. तिथे एक वृद्ध माळीबाबा आहेत. त्यांना मी आधीच सांगून ठेवले होते, की हिला नाव विचारू नका, ‘का गं बोलत नाहीस’ म्हणू नका. बाबांनी ते इतके छान पाळले! ते तिच्या हातात झारी द्यायचे आणि आपले काम करत राहायचे. तीन शनिवार ती नुसती पाणी घालत होती.

चौथ्या शनिवारी मी पैसे मोजत असताना मागून आवाज आला, “आमच्या भेंडीला मावा पडलाय.”

माझ्या हातातली नाणी हातातच राहिली. बाबांनी मात्र मान वरसुद्धा केली नाही. जणू हे रोजचेच आहे, अशा सुरात त्यांनी विचारले, “पानाच्या वरनं का खालनं?”

“खालनं.”

“मग निंबोळीचं पाणी मार.”

मी मागे वळून पाहिले नाही. पुढच्या कुंडीतल्या गुलाबाची पाने मोजत उभी राहिले.

(बाबांचा उपाय तुमच्याही कामी येईल. निंबोळीच्या बियांची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळावी, त्यात थोडासा साबण विरघळवावा आणि पानांच्या खालून फवारावे. फवारणी संध्याकाळी करावी, म्हणजे दिवसा येणाऱ्या मधमाश्यांना त्रास होत नाही.)

चार शब्दांनी सगळे झाले, असे मी म्हणणार नाही. वाण्याच्या दुकानात ती अजून गप्पच असते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पंधरा बायका आल्या, तेव्हा ती माझ्या पदराआडून हलली नाही. पण शेजारच्या काकूंना तिने आपण होऊन भेंडीचे पहिले पिवळे फूल दाखवले आणि ‘याच्या मधोमध जांभळं आहे’ असे सांगितले. जूनमध्ये ज्या शाळेत जायचे, तिथल्या बाईंना आम्ही सुट्टीत दोनदा भेटणार आहोत. एकदा त्यांनी आमची बाग पाहायला यायचे कबूलही केले आहे. तेव्हा ती बोलेल की नाही, कोण जाणे. दाखवायला तिच्याजवळ काहीतरी आहे, एवढे नक्की.

तुमचे मूल शाळेत रमलेले असेल, तर उत्तमच! सुट्टीतही हे सारे करता येते. पण घरी बोलणारे आणि बाहेर मुके होणारे मूल तुमच्या घरात असेल, आणि महिना-दोन महिने झाले तरी तसेच चालले असेल, तर ‘लाजाळू आहे, होईल आपोआप’ म्हणून बसू नका. कान तपासून घ्या, जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. चारचौघांत त्याला बोलते करण्याचा हट्ट कोणाला धरू देऊ नका, मग ते माणूस कितीही मायेचे असो.

आणि या रविवारी एक कुंडी भरा. मेथीदाणे तर डब्यात आहेतच!