फाईलच्या आवृत्तीची माहिती वाचणारा पुनर्वापरयोग्य प्रोग्रॅमिंग घटक : स्वरूप, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :

विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली एका संगणकावर बिनचूक चालते आणि शेजारच्या संगणकावर अडखळते, हा अनुभव संगणक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बहुतेक अध्यापकांना आलेला असतो. प्रस्तुत लेखक पदवीच्या वर्गात असताना, २००९ च्या सुमारास, एका महाविद्यालयात प्रकल्पाच्या परीक्षेच्या दिवशी असाच प्रसंग घडला. एका विद्यार्थ्याची आज्ञावली युनिकोड मराठीत गुणपत्रक तयार करीत असे. परीक्षकांसमोरच्या संगणकावर त्या गुणपत्रकातील काही जोडाक्षरे फुटली, हलन्ताची चिन्हे उघडी पडली आणि प्रात्यक्षिकाचे गुण गेले. आज्ञावलीत दोष नव्हता. सर्व संगणकांवर विंडोज एक्सपीच होती. मात्र तिचे सर्व्हिस पॅक निरनिराळे होते. त्यामुळे देवनागरी अक्षरांची जुळणी करणारी 'युएसपी१०.डीएलएल' ही फाईल कोठे जुनी, तर कोठे नवी होती. हे कारण उमगले तेव्हा परीक्षा आटोपून आठवडा झाला होता.

सदर फाईल मराठी भाषकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होती. युनिकोडमधील देवनागरीचा आधार विंडोजमध्ये प्रथम विंडोज २००० पासून मिळाला. वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढविणे, 'दऱ्या' किंवा 'कऱ्हाड' या शब्दांतील अर्धा र योग्य रूपात दाखविणे ही कामे फॉन्ट एकटा करीत नाही. त्यांसाठी युनिस्क्राइब या यंत्रणेचे साहाय्य लागे आणि ती यंत्रणा याच फाईलमध्ये होती. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसोबत (२००४) आलेल्या तिच्या प्रतीचा आवृत्ती क्रमांक १.४२०.२६००.२१८० असा होता. हा क्रमांक परीक्षेपूर्वी प्रत्येक संगणकावर पाहिला गेला असता, तर वरील प्रसंग टळला असता. तो पाहण्याचे काम आज्ञावलीकडे कसे सोपवावे, हे येथे पाहू.

फाईलच्या पोटातील पुष्पिका :

फाईलचे नाव आवृत्ती सांगत नाही. तारखेवरही विसंबता येत नाही, कारण नक्कल करताना किंवा इंटरनेटवरून उतरवून घेताना ती बदलू शकते. म्हणून विंडोजमध्ये आवृत्तीची माहिती फाईलच्या आतच, संसाधन विभागात, नोंदविण्याची सोय आहे. जुन्या पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते, तसाच हा प्रकार होय. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख आहे आणि एकनाथांनी पाठशुद्धी केल्यानंतर शके १५०६ ची नोंद ग्रंथाला जोडली. पोथीचे बासन बदलले तरी ही नोंद पोथीबरोबरच राहते. जुन्या मराठी ग्रंथांच्या पाठांची चिकित्सा करणाऱ्या आपल्या मराठी विभागातील सहकाऱ्यांना ही कल्पना नवीन वाटू नये.

या नोंदीचे दोन भाग असतात. पहिला भाग ५२ बाइटांचा व ठरलेल्या साच्याचा असतो. त्यात फाईलची आवृत्ती आणि ती ज्या उत्पादनाचा भाग आहे त्याची आवृत्ती, असे दोन क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांक चार अंकगटांचा असून प्रत्येक गटाला १६ बिट मिळतात. अर्थात कोणताही गट ६५५३५ च्या पुढे जाऊ शकत नाही. दुसऱ्या भागात शब्दरूप माहिती असते : कंपनीचे नाव, फाईलचे वर्णन, मूळ नाव, स्वामित्वहक्क इत्यादी. ही माहिती भाषेनुसार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येते. अमेरिकन इंग्रजीचा संकेतांक ०४०९, हिंदीचा ०४३९ आणि मराठीचा ०४४ई आहे. त्यापुढे अक्षरसंचाचा संकेतांक जोडला की कप्प्याचे नाव तयार होते. युनिकोडमधील मराठी कप्पा '०४४ई०४बी०' या नावाने ओळखला जातो. असा कप्पा असलेली फाईल प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात फार क्वचित आली आहे, हा भाग निराळा.

घटक कशासाठी? :

ही माहिती वाचण्यासाठी 'व्हर्जन.डीएलएल' मधील तीन कार्ये क्रमाने वापरावी लागतात. पहिले कार्य माहितीचा आकार सांगते, दुसरे ती स्मृतीत आणते आणि तिसरे त्यातून हवा तो भाग काढून देते. प्रत्येक आज्ञावलीत हा सर्व मजकूर नव्याने लिहिणे म्हणजे प्रत्येक वेळी त्याच चुकांना नव्याने निमंत्रण देणे होय. म्हणून तो एकदाच लिहून, तपासून, घटकाच्या रूपात वेगळा ठेवणे इष्ट ठरते. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये क्लास मॉड्यूल, डेल्फीमध्ये पॅलेटवर ठेवण्याचा घटक, असे त्याचे स्वरूप असे. डॉटनेटमध्ये २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून 'फाईल व्हर्जन इन्फो' हा तयार वर्गच उपलब्ध आहे. तयार वर्ग असताना स्वतंत्र घटक कशाला, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर पुढील अडचणींत आहे.

पहिली अडचण तुलनेची. आवृत्ती ही अक्षरमाला मानून तुलना केली तर १.१० ही १.९ पेक्षा लहान ठरते. युएसपी१० च्या बाबतीत तर आणखी गंमत आहे : तिच्या शब्दरूप नोंदीत क्रमांक १.०४२०.२६००.२१८० असा, शून्यासह छापलेला असून त्यापुढे कंसात बांधणीचे सांकेतिक नाव आहे. अंकरूप नोंदीत मात्र १.४२०.२६००.२१८० आहे. डॉटनेटच्या वर्गातील 'फाईल व्हर्जन' हा गुणधर्म शब्दरूप नोंद परत करतो, हे ठाऊक नसल्यास तुलना हमखास चुकते. घटकाने चारही अंकगट स्वतंत्रपणे घेऊन डावीकडून उजवीकडे अंक म्हणूनच तुलना केली पाहिजे.

दुसरी अडचण चिन्हाची. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये ऋण चिन्हाविना १६ बिटांची संख्या साठविणारा प्रकार नव्हता. 'इंटिजर'ची मर्यादा ३२७६७ पर्यंतच. डॉटनेट २.० च्या फाईलींचा क्रमांक २.०.५०७२७.४२ आहे. यातील ५०७२७ हा गट त्या भाषेत एकतर 'ओव्हरफ्लो'ची त्रुटी देई किंवा निष्काळजी रूपांतरामुळे उणे १४८०९ असा दिसे. हा गट म्हणजे २००५ सालच्या जुलै महिन्यातील २७ तारीख होय. वर्षाचा शेवटचा अंक, महिना व दिवस यांची ही मांडणी २००६ च्या डिसेंबरपर्यंतच चालण्यासारखी होती; जानेवारी २००७ साठी ७०१०१ लिहावे लागले असते आणि ते १६ बिटांत मावत नाही. आपले विद्यार्थी प्रकल्पाच्या आवृत्तीत पूर्ण तारीख घालू पाहतात तेव्हा हे उदाहरण उपयोगी पडते.

तिसरी अडचण ६४ बिटांच्या विंडोजवर उद्भवते. ३२ बिटांच्या आज्ञावलीने 'सिस्टिम३२' फोल्डरमधील फाईल मागितली की कार्यप्रणाली तिला परस्पर 'सिसवॉव६४' कडे वळविते. परिणामी घटक भलत्याच फाईलचा क्रमांक वाचतो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. विस्टापासून 'सिसनेटिव्ह' या नावाने मूळ फोल्डर गाठता येते. ही काळजी घटकाच्या आत घेतली की वापरणाऱ्याला तिचा विचार करावा लागत नाही.

याखेरीज घटकाने 'आवृत्ती नोंदविलेलीच नाही' आणि 'आवृत्ती ०.०.०.० आहे' या दोन स्थिती वेगळ्या ठेवाव्यात. शब्दरूप माहितीसाठी इंग्रजीचा कप्पा गृहीत न धरता फाईलमध्ये कोणते कप्पे आहेत ते आधी विचारावे. घटकाने निर्णय मात्र घेऊ नये. क्रमांक सांगणे हे त्याचे काम. तो जुना की चालण्याजोगा, हे ठरविणे वापरणाऱ्या आज्ञावलीचे काम.

उपयोग :

सामाईक फाईलची नवी प्रत जुन्या प्रतीने पुसली जाणे हा नव्वदच्या दशकातील विंडोजचा मोठाच रोग होता. इन्स्टॉल करणाऱ्या आज्ञावलीने आधी आवृत्ती पाहावी, असा संकेत होता. पण तो सर्वजण पाळत नसत. विंडोज २००० मधील संरक्षणव्यवस्था आणि एक्सपीमधील एकाच फाईलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय यांमुळे हा त्रास बराच कमी झाला. तरीही आवृत्ती वाचण्याची गरज संपली नाही. विंडोज ८.१ पासून कार्यप्रणालीची आवृत्ती विचारणारे जुने कार्य, आज्ञावलीने तशी घोषणा केलेली नसल्यास, खरा क्रमांक न देता ६.२ हेच उत्तर देते. पूर्ण क्रमांक हवा असल्यास 'कर्नेल३२.डीएलएल'सारख्या फाईलची आवृत्ती वाचावी, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात म्हटले आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेपुरते बोलावयाचे तर परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर आवश्यक फाईलींची यादी देऊन हा घटक चालविणे आणि आलेले क्रमांक एका तक्त्यात मांडणे एवढे पुरेसे आहे. फाईलवर उजवी कळ दाबून, 'प्रॉपर्टीज' उघडून एकेक क्रमांक वहीत उतरविण्यास जेथे अर्धा दिवस जातो, तेथे हे काम काही मिनिटांत होते.

मर्यादा :

आवृत्तीची नोंद हे फाईलच्या खरेपणाचे प्रमाणपत्र नव्हे. संसाधन संपादकाच्या साहाय्याने ती कोणालाही बदलता येते. खरेपणासाठी अंकीय स्वाक्षरीच तपासावी लागते. ही सोय मुळात विंडोजच्या फाईलींपुरती आहे. लिनक्सवर डॉटनेटचा वर्ग डॉटनेटच्याच फाईलींची माहिती देऊ शकतो, इतरांची नाही. शिवाय घटक स्वतःही एक फाईलच आहे. त्यात दुरुस्ती करून त्याचा क्रमांक तोच ठेवला, तर कोणत्या प्रयोगशाळेत कोणता घटक आहे हे सांगणे पुन्हा अशक्य होते.

आणि नोंद करणाऱ्याने ती केलेलीच नसेल, तर वाचणारा घटक काय वाचणार? व्हिज्युअल स्टुडिओ नव्या प्रकल्पाला आपण होऊन १.०.०.० हा क्रमांक देते. विद्यार्थ्यांनी सादर केलेले प्रकल्प या घटकाने तपासून पाहिल्यास पहिला मसुदा, दुरुस्त मसुदा आणि अंतिम प्रत या तिघांवरही बहुधा तोच क्रमांक आढळतो.