बंदीचा वेश, भरतीचा वेश : कॅनडातील किल्टधारी पलटणींचा इतिहास

पहिल्या महायुद्धाचे प्रकरण शिकविताना मी दरवर्षी वर्गात एक छायाचित्र फिरवितो. चिखलाने भरलेल्या रस्त्यावरून कॅनडाची एक पलटण चालली आहे. पुढे बॅगपाइप वाजविणारे, मागे खांद्यावर बंदुका घेतलेले शिपाई, आणि सर्वांच्या कमरेला गुडघ्यापर्यंत पोचणारा चुण्यांचा लोकरी पोशाख. वर्गात हशा पिकतो. "सर, हे घागरे घालून लढायचे काय?" हा प्रश्न मागच्या बाकावरून ठरलेलाच असतो. यंदा मात्र एका विद्यार्थिनीने निराळेच विचारले. "पलटण कॅनडाची आणि वेश स्कॉटलंडचा. मग हे लोक तिकडे गेले कसे?" तासाची घंटा झाली म्हणून मी तिला अर्धेमुर्धे उत्तर दिले. पुरे उत्तर येथे मांडण्याचा प्रयत्न करतो. कारण या एका वेशाच्या इतिहासात, सत्ता पराभूत माणसाचा वापर कसा करून घेते आणि मग त्या माणसाच्या हातून दुसऱ्यावर काय घडते, हे दोन्ही स्पष्ट दिसते.

या पोशाखाला किल्ट म्हणतात आणि त्याच्या चौकडीच्या लोकरी कापडाला टार्टन. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख म्हणजे हायलंड. तेथील लोक गेलिक भाषा बोलत, गुरे पाळीत, थोडीफार शेती करीत आणि आपापल्या क्लॅनमध्ये, म्हणजे एका नायकाला मानणाऱ्या भावकीत, राहत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जमीन नायकाच्या ताब्यात असे आणि त्याने हाक दिली की गरीब कुळाला शस्त्र घेऊन निघावे लागे. १७४५ साली पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड गादीसाठी उठला, तेव्हा हायलंडमधील काही क्लॅन त्याच्या बाजूने उतरले, तर काही सरकारच्या बाजूने. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर बंडखोरांचा पुरता पराभव झाला. रणांगणावर पडलेल्या जखमींनाही ठार मारण्यात आले.

यानंतर लंडनच्या पार्लमेंटने जो कायदा केला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. शस्त्रे तर काढून घेतलीच, शिवाय १ ऑगस्ट १७४७ पासून हायलंडच्या पुरुषाने आपला पारंपरिक वेश करणे हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळी सहा महिने कैद, दुसऱ्या वेळी सात वर्षे समुद्रापार काळे पाणी. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. मात्र कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवली होती. राजाच्या सैन्यात चाकरी करणाऱ्यास हा वेश करण्याची मुभा होती. गावात किल्ट घातली तर तुरुंग, पलटणीत घातली तर पगार. माणसाची अस्मिता काढून घ्यावी आणि चाकरीच्या अटीवर तीच त्याला परत द्यावी, हे तंत्र इतक्या उघडपणे कायद्याच्या पुस्तकात क्वचितच लिहिले गेले असेल.

या पलटणी कशासाठी हव्या होत्या? उत्तर अमेरिकेत फ्रान्सशी युद्ध जुंपले होते. जेम्स वुल्फ हा अधिकारी कलोडनला सरकारी सैन्यात होता. १७५१ साली त्याने एका पत्रात हायलंडचे लोक अमेरिकेच्या लढाईसाठी उपयोगी पडतील असे सुचविले. ते काटक आहेत, अवघड मुलखाला सरावलेले आहेत आणि मेले तरी फारसे बिघडत नाही, असा त्याचा आशय होता. १७५७ साली सायमन फ्रेझरने ७८ वी फ्रेझर हायलंडर्स ही पलटण उभारली. याच सायमनच्या बापाचा, लॉर्ड लोव्हॅटचा, बंडाबद्दल दहा वर्षांपूर्वी लंडनमध्ये शिरच्छेद झाला होता. ज्या राज्याने बापाला मारले त्या राज्यासाठी मुलाने दीड हजारांच्या आसपास माणसे गोळा केली. जप्त झालेली जहागीर परत मिळावी ही त्यामागची आशा होती आणि पुढे ती फळाला आलीही. १७५८ साली टिकोंडेरोगाच्या किल्ल्यापुढे ब्लॅक वॉच या जुन्या हायलंड पलटणीतील निम्म्याहून अधिक लोक एका दिवसात मेले वा जखमी झाले. १३ सप्टेंबर १७५९ रोजी क्वेबेकच्या पठारावर फ्रेझरची पलटण वुल्फच्या हाताखाली लढली. वुल्फ तेथेच मेला. कॅनडा ब्रिटिशांच्या हाती गेला. १७६३ साली पलटण मोडली, तेव्हा तिच्यातील काही शिपाई तेथेच राहिले. कॅनडातील स्कॉटिश वस्तीचा एक धागा येथून सुरू होतो.

दुसरा धागा विस्थापनाचा आहे. नायक हळूहळू जमीनदार झाले आणि त्यांना माणसांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या. कुळांना जमिनीवरून हुसकावणे सुरू झाले. १७७३ च्या सप्टेंबरात 'हेक्टर' नावाचे जहाज दोनशेच्या आसपास हायलंडवासीयांना घेऊन नोव्हा स्कोशियातील पिक्टू बंदराला लागले. पुढे सदरलंडमध्ये १८१० नंतरच्या दशकात गावेच्या गावे उठविली गेली, घरांची छपरे जाळली गेली. याच सदरलंडमधून थोड्याच वर्षांपूर्वी ९३ वी हायलंडर्स ही पलटण उभी राहिली होती. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धासाठी तेथे पुन्हा भरतीची हाक आली, तेव्हा "आता मेंढ्यांनाच लढायला पाठवा" असे उत्तर मिळाल्याची आठवण हायलंडमध्ये सांगितली जाते. आणि ऐन या काळात, १८२२ साली, राजा चौथा जॉर्ज स्वतः किल्ट घालून एडिंबरोत मिरवला! ज्या वर्गाने हायलंडच्या माणसाला घराबाहेर काढले, त्याच वर्गाने त्याचा वेश दरबारी केला. माणूस नको होता. त्याची खूण हवी होती.

आता कॅनडाकडे वळू. तेथील किल्टधारी पलटणी बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी उभ्या राहिल्या. मॉन्ट्रियलची पलटण १८६२ ची. तीच पुढे कॅनडाची ब्लॅक वॉच झाली. टोरांटोची ४८ वी हायलंडर्स १८९१ ची, हॅमिल्टनची ९१ वी १९०३ ची, विनिपेगची कॅमेरून आणि व्हँकुव्हरची सीफोर्थ १९१० च्या. या खड्या फौजा नव्हत्या. दिवसा दुकानात वा कचेरीत काम करणारी माणसे संध्याकाळी कवायतीला जमत. गणवेशाचा बराच खर्च शहरातील स्कॉटिश मंडळे आणि धनिक अधिकारी सोसत. या धनिकांपैकी अनेकांचे पूर्वज हायलंडचे नव्हतेच. स्कॉटलंडच्या सखल भागातून आलेल्या व्यापारी घराण्यांचे हे वंशज. त्यांच्या आज्यापणज्यांनी किल्ट कधी घातली नव्हती, उलट डोंगरातल्या माणसाला रानटी मानले होते. नव्या देशात प्रतिष्ठेसाठी एक वारसा हवा होता, तो त्यांनी विकत घेतला.

गेलिक भाषेचे काय झाले, हे पाहिले म्हणजे या वारशाचा पोकळपणा कळतो. केप ब्रेटन बेटावर हजारो लोकांची ती घरची बोली होती. १८९० साली सिनेटर मॅकिनेस यांनी तिला सरकारी कामकाजात स्थान देणारे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. शाळेत गेलिक बोलणाऱ्या मुलांना लाज वाटायला लावण्यात आली, शिक्षाही झाल्या. आज कॅनडात ती बोलणारे थोडेच उरले आहेत. वेश टिकला, कारण तो राज्याच्या उपयोगाचा होता. भाषा माणसाच्या उपयोगाची होती, ती गेली.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. हॅमिल्टन, विनिपेग, व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया या चार शहरांच्या किल्टधारी पलटणींतून १६ वी बटालियन, 'कॅनेडियन स्कॉटिश', बनविण्यात आली. सुरुवातीला एकाच बटालियनमध्ये चार टार्टन दिसत; पुढे सर्वांना खाकी किल्ट मिळाली. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा मॉन्ट्रियलची १३ वी आणि टोरांटोची १५ वी या हायलंड बटालियन त्या आघाडीवर होत्या. १५ व्या बटालियनची तर वाताहत झाली. ८ ऑक्टोबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर काटेरी तारांपुढे १६ वी बटालियन अडकली असता जेम्स रिचर्डसन हा वीस वर्षांचा पाइपवादक गोळीबारात उघड्यावर पाइप वाजवीत फिरला आणि शिपाई पुढे सरकले. त्याच दिवशी तो मेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चिखलात हरवलेले त्याचे पाइप स्कॉटलंडच्या एका शाळेत सापडले आणि २००६ साली कॅनडात परत आले.

हे शौर्य खरे आहे. त्याची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण छायाचित्रात दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. किल्टच्या चुण्यांत उवा माजत. सात-आठ वार लोकर चिखलपाण्याने जड होई, थंडीत तिची गोठलेली किनार गुडघ्यामागची कातडी कापी. १९१७ पासून मस्टर्ड वायू आला, तो उघड्या मांड्या भाजून काढी. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात लढाईच्या वेळी किल्ट घालणे बंद झाले. पलटणींची नावे मात्र तीच राहिली. २५ जुलै १९४४ रोजी नॉर्मंडीतील व्हेरिएर टेकडीवर ब्लॅक वॉचचे सुमारे सव्वातीनशे लोक चढाईस निघाले. त्यांतले तीनशेहून अधिक मेले, जखमी झाले वा पकडले गेले. तोवर या पलटणींत स्कॉटिश नसलेली माणसेही पुष्कळ होती. पलटणीचे नाव एका समाजाचे, मरणारा माणूस कोणत्याही समाजाचा, अशी ती स्थिती होती.

कोणत्याही समाजाचा, असे म्हटले खरे. पण ते पहिल्या महायुद्धाला लागू पडत नाही. येथे पुन्हा पिक्टू बंदराकडे जावे लागते. १९१६ साली नोव्हा स्कोशियात हायलंड ब्रिगेडची भरती जोरात होती. त्याच प्रांतात कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटून आलेल्यांची ती नातवंडे-पतवंडे. त्यांचे तरुणही भरतीच्या दारात उभे राहिले. त्यांना अडविणारा कायदा नव्हता. मात्र शिपाई घ्यावा की न घ्यावा हे प्रत्येक पलटणीच्या प्रमुखाच्या मर्जीवर सोडले होते, आणि मर्जी बहुधा नकाराची होती. मोजक्यांनाच कुठे कुठे प्रवेश मिळाला. सेनाप्रमुख ग्वाटकिन यांनी एप्रिल १९१६ च्या टिपणात, हे लोक चांगले सैनिक होणार नाहीत आणि गोरे शिपाई त्यांच्यासोबत राहणार नाहीत, असा अभिप्राय दिला. अखेर ५ जुलै १९१६ रोजी 'क्रमांक २ बांधकाम बटालियन' मंजूर झाली. तिचे ठाणे होते पिक्टू. जेथे मेंढ्यांसाठी हाकललेली माणसे उतरली, तेथेच दीडशे वर्षांनी दुसऱ्या हाकललेल्या माणसांच्या हाती बंदुकीऐवजी कुऱ्हाड आणि फावडे देण्यात आले. मार्च १९१७ मध्ये सहाशेहून अधिक जण हॅलिफॅक्सहून निघाले आणि फ्रान्समधील ज्यूरा डोंगरात लाकूड तोडीत, रस्ते दुरुस्त करीत राहिले. १९२० साली बटालियन मोडली. कॅनडा सरकारने या वागणुकीबद्दल माफी मागितली ती ९ जुलै २०२२ रोजी. आणखी एक गोष्ट : ज्या भूमीवर हे सारे घडले ती मूळची मीक्माक लोकांची. विस्थापित हायलंडवासीयांना मिळालेली जमीन त्यांच्याकडून गेलेली होती.

या इतिहासाचा आपल्याशी असलेला संबंध ओढूनताणून आणलेला नाही. हेच साम्राज्य, हेच मोजमाप. १८५७ नंतर ब्रिटिशांनी 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त रचला. हायलंडर, शीख आणि गुरखा यांना एका पंक्तीत बसविले आणि त्याच सिद्धान्ताच्या आधारे १८९० च्या सुमारास महारांची भरती बंद केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. १९१७ साली माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार ही पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. कॅनडातील बांधकाम बटालियन १९२० ची, ही १९२१ ची. युद्धात आठवण आणि शांततेत विस्मरण, हा साम्राज्याचा दोन्हीकडचा हिशेब सारखाच. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्यात शिरकाव त्यांना महत्त्वाचा वाटला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कॉलेजे काढली, मताचा हक्क मागितला, कायदा लिहिला. गणवेशाने ताठ झालेला कणा गणवेश उतरल्यावरही ताठ राहायचा, तर त्याला जमीन, अक्षर आणि कायदा यांचा आधार लागतो.

त्या विद्यार्थिनीला मी आता असे सांगेन : कोणत्याही पलटणीचा इतिहास वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. हा वेश या माणसाला कोणत्या अटीवर मिळाला? तो उतरविल्यावर त्याच्या हाती काय राहिले? आणि त्याच वेळी भरतीच्या दारातून कोणाला परत पाठविण्यात आले? किल्टधारी शिपायाचे चित्र मी पुढच्या वर्षीही वर्गात फिरवीन. त्याच्या जोडीला पिक्टूच्या बटालियनचे एक चित्र मी मिळविले आहे. ती माणसे रांगेत उभी आहेत, अंगावर साधा खाकी गणवेश आहे. त्या चित्राला वर्गात कोणी हसेल असे वाटत नाही.