निनवेचे परिवर्तन आणि संदेष्ट्याची सत्यता

इब्री संदेष्ट्यांच्या वाङ्मयात न्याय आणि दया यांचा संबंध विचारात घेताना अभ्यासकांची दृष्टी सहसा देवाच्या स्वभावाकडे वळते. वस्तुतः तिढा संदेष्ट्याच्या शब्दाविषयीचा आहे. संदेष्ट्याने वर्तविलेली गोष्ट घडली नाही तर तो शब्द परमेश्वराचा नव्हे, अशी कसोटी 'अनुवाद' या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहे. मग नाशाची घोषणा ऐकून एखादे राष्ट्र वळले आणि नाश टळला, तर घोषणा करणारा खोटा ठरतो काय?

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील कुंभाराचे रूपक या प्रश्नाला उत्तर देते. चाकावर बिघडलेल्या मातीचे कुंभार दुसरे पात्र घडवितो. तद्वत् उपटून टाकण्याचा निर्णय राष्ट्राच्या वळण्याने बदलतो, आणि वृद्धीचे आश्वासनही दुराचाराने रद्द होते. हा दुसरा भाग बहुधा दुर्लक्षिला जातो. म्हणजे भाकीत हे विधान नसून इशारा आहे. या प्रश्नावर प्रत्यक्ष एका माणसाचा जीव अवलंबून होता, हे सव्विसाव्या अध्यायातून दिसते. यिर्मयाला देहदंड द्यावा अशी मागणी होत असता काही वडीलजन मीखाचा दाखला देतात: सियोन नांगरले जाईल असे त्याने सांगितले होते, हिज्कीया राजाने देवाचे भय धरले आणि अरिष्ट टळले, तरी मीखाला कोणी खोटे म्हटले नाही.

योनाच्या ग्रंथात हाच पेच उपरोधाने मांडलेला आहे. योनाची घोषणा मूळ इब्रीत अवघ्या पाच शब्दांची. तीत 'हाफख्' या धातूचे रूप येते. सदोमच्या विध्वंसासाठी तोच धातू योजलेला आहे. पण 'पालटणे' असाही त्याचा अर्थ होतो. निनवे उलथले नाही, पालटले. योनाचे भाकीत त्याच्या इच्छेविरुद्ध खरे ठरले, असे म्हणता येईल.

मराठी अनुवादाची अडचण येथेच उद्भवते. 'शूव्' म्हणजे मागे फिरणे. या गतीचा बोध 'पश्चात्ताप' या शब्दातून होत नाही, कारण त्यात नंतरचा ताप तेवढा आहे. याउलट देवाच्या संदर्भात येणारा 'नाहम्' हा धातू खेद आणि सांत्वन अशा दोन्ही अर्थांचा. 'रा‍आ' या शब्दाने दुष्टता आणि अरिष्ट दोन्ही सूचित होतात. निनवेकर आपल्या 'रा‍आ'पासून फिरतात, देवही आपल्या 'रा‍आ'पासून फिरतो. मराठीत हा श्लेष उतरत नाही.

योनाला राग येतो तो अज्ञानामुळे नव्हे. देव दयाळू व मंदक्रोध आहे, हे 'निर्गम'च्या चौतिसाव्या अध्यायातील सूत्र त्याला मुखोद्गत आहे; तो ते तक्रार म्हणून उच्चारतो. या तक्रारीला आधार नाही असे मात्र नाही. ख्रिस्तपूर्व 722 च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य अश्शूरनेच बुडविले होते, आणि ग्रंथ निर्वासनोत्तर काळातील मानला तर त्याच्या वाचकांना ते ठाऊक होते. ख्रिस्तपूर्व 612 मध्ये निनवे पडले हेही ठाऊक होते. नहूमने त्याच सूत्रातील मंदक्रोधाचा उल्लेख ठेवून दोषी सुटणार नाही या बाजूवर भर दिला. गंमत अशी की त्याचे नाव 'नाहम्' या धातूवरूनच आलेले. दोन्ही ग्रंथ प्रश्नाने संपतात. नहूमचा प्रश्न निनवेच्या क्रौर्याविषयी आहे, तर योनाच्या ग्रंथातील प्रश्न तेथील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांविषयी आणि गुराढोरांविषयी.