सेल्फ लागत नाही? तार जोडण्याआधी हे वाचा



हंगाम सुरू झाला की आमच्या वाहतूक विभागाकडे एकच तक्रार रोज येते. “साहेब, ट्रॅक्टर भरून उभा आहे, पण सेल्फच घेत नाही.” बॅटरी नवी, दिवे लख्ख, चावी फिरवली तर टक् नाही की टुक् नाही. अशा वेळी दहातल्या आठ जणांचा हात स्टार्टरकडे किंवा क्लचखालच्या तारांकडे जातो. दोन तारा सोलून एकमेकींना पिळल्या की काम भागले! या “काम भागले”विषयीच आज लिहायचे आहे.

बेसा येथे राहणारे आपले एक सभासद आहेत. शेती उमरेडच्या बाजूला, घर बेसाला, आणि ट्रॅक्टर रात्री लेआउटमध्ये घरापुढच्या गल्लीत उभा. बेसा आता पूर्वीचे गाव राहिलेले नाही. ज्या गल्लीत ट्रॅक्टर उभा राहतो, तिथेच संध्याकाळी पोरे क्रिकेट खेळतात. त्यांच्या ट्रॅक्टरचा सेल्फ लागेना, म्हणून एका पोऱ्याने क्लच स्विचच्या दोन तारा जोडून दिल्या. दोन महिने काही झाले नाही. मग एका संध्याकाळी नातवाने सीटवर बसून सहज चावी फिरवली. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये लावलेला होता. इंजिन धरले आणि ट्रॅक्टर कंपाउंडची भिंत पाडूनच बंद पडला. भिंतीजवळ त्या वेळी कोणी नव्हते, एवढेच नशीब. आजोबा मला म्हणाले, “काऊन बाप्पा, एवढ्याशा स्विचनं एवढं होते काय?”

होते. कसे ते पाहू.

चावीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत एक बारीक तार जाते. तिच्यातून करंट पोहोचला की सोलेनॉइड ओढला जातो आणि बॅटरीचा जाड करंट स्टार्टरला मिळतो. या बारीक तारेच्या वाटेत कंपनी एक-दोन स्विच बसवते. एक क्लचच्या पेडलपाशी असतो. पेडल पुरते दाबले तरच तो जोड देतो. दुसरा गिअरबॉक्सवर असतो आणि दांडा न्यूट्रलला असेल तरच जोड देतो. काही मॉडेलांत पी.टी.ओ.च्या दांड्यालाही असाच स्विच असतो. हे सगळे एकामागे एक, कालव्यावरच्या दारांसारखे. एक दार बंद असले तरी पाणी पुढे जात नाही. आपल्या मशीनवर कोणते आहेत ते पुस्तिकेत पाहावे. फार जुन्या ट्रॅक्टरांवर एकही नसतो.

ही सोय काही आजची नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला 1946 पासून बनलेल्या फर्ग्युसनच्या टी.ई.-20 ट्रॅक्टरला तर वेगळे स्टार्टरचे बटणच नव्हते. गिअरचा दांडाच ‘एस’ या खुणेवर न्यावा लागे, तेव्हा स्टार्टर फिरे. म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालू करणे शक्यच नव्हते. माणूस विसरणार, हे त्या कारागिरांनी धरूनच चालले होते.

स्विच दोन तऱ्हांनी बिघडतो. पहिल्या तऱ्हेत तो जोड देत नाही, म्हणून गाडी चालू होत नाही. हा बिघाड तापदायक, पण निरुपद्रवी. दुसऱ्या तऱ्हेत तो कायम जोडलेलाच राहतो. आत चिकटतो, किंवा कोणी तार जोडलेली असते. गाडी नेहमीसारखी चालू होते, कोणी तक्रार करत नाही, आणि नेमका हाच बिघाड माणसाचा जीव घेतो. त्याहून वाईट म्हणजे जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांना पेचकस लावणे. आपण पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभे, ट्रॅक्टर गिअरमध्ये, आणि मागचे चाक आपल्याच अंगावर येणार. डिझेलचे इंजिन लगेच धरते. पळायला सवड मिळत नाही. मी स्वतः हेल्पर असताना ही करामत शेकडो वेळा केली आहे. आज आठवले की अंगावर काटा येतो. फुशारकी म्हणून सांगत नाही.

आता तपासणी. आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा तिची टोके पाहा. एकच “टक्” आवाज येऊन थांबला तर बारीक तारेचे काम झाले आहे, दोष सोलेनॉइडच्या आत, जाड केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. दिवे तसेच लख्ख आणि आवाज मुळीच नाही, तरच संशय स्विचवर घ्यावा.

मग ट्रॅक्टर सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, ब्रेक लॉक करा, पी.टी.ओ. काढा. सोलेनॉइडवरची बारीक तार उपसून बाजूला घ्या. ती तशीच कशाला लागू देऊ नका. आता चावी कितीही फिरवली तरी स्टार्टर फिरणार नाही, म्हणून तपासणी निर्धास्त करता येते. त्या तारेला आणि बॉडीला बल्ब जोडा. बल्ब हेडलाइटचा, 55 वॅटचा घ्या. तो साडेचार अँपियरच्या आसपास करंट ओढतो, त्यामुळे गंजलेला जोड लगेच मंद उजेडाने उघडा पडतो. पाच वॅटचा छोटा बल्ब खराब जोडावरही छान पेटतो आणि आपल्याला फसवतो.

एकाने सीटवर बसून चावी स्टार्टवर धरावी. क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला, तर बल्ब पेटला पाहिजे. क्लच सोडा: विझला पाहिजे. पुन्हा दाबा आणि दांडा गिअरमध्ये घाला: विझला पाहिजे. (ज्या मशीनवर एकच स्विच आहे तिथे त्याच्यापुरतेच पाहावे.) विझत नसेल तर तो स्विच अडकला आहे किंवा कोणी तार जोडली आहे. गाडी चालू होत असली तरी हा दोष आजच काढा.

उलट बल्ब पेटतच नसेल, तर बल्बचे एक टोक बॉडीला ठेवून दुसरे क्लच स्विचच्या दोन्ही तारांना लावून पाहा. पेडल दाबलेले, चावी धरलेली. एका तारेवर उजेड, दुसऱ्यावर नाही, तर स्विचपाशीच दोष आहे. दोन्हीवर उजेड असेल तर पुढे जा, दोन्हीवर नसेल तर मागे फ्यूज आणि चावीकडे या. न्यूट्रलच्या स्विचलाही हीच रीत.

दोष स्विचपाशी निघाला म्हणून लगेच नवा आणू नका. क्लच स्विचची पिन पेडलाने खरोखर दाबली जाते का ते वाकून पाहा. पट्टी वाकते, रबराचा ठोकळा झिजून पडतो, क्लच प्लेट बदलल्यावर किंवा पेडलची ढील लावल्यावर पेडल पिनपर्यंत पोहोचत नाही. चिखल आणि पाचटाचा भुगा तर असतोच. गिअरबॉक्सवरचा स्विच काढलात तर त्याखालचे वायसर मोजून ठेवा, तितकेच परत घाला. काही मॉडेलांत एक जास्त पडला की स्विच दाबला जात नाही, एक कमी पडला की गिअरमध्येही दाबलेला राहतो.

घरी जीप-मोटार असणाऱ्यांसाठी दोन शब्द. हेच स्विच आता गाडीच्या कॉम्प्युटरलाही खबर देतात. बोलेरो, स्कॉर्पिओच्या काही मॉडेलांत सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप थांबते आणि क्लच दाबताच चालू होते. ते थांबेनासे झाले तर इतर कारणांबरोबर हे स्विचही तपासून घ्यावेत. तिथे मात्र तारा सोलू नयेत.

बेसाच्या त्या ट्रॅक्टरचा स्विच आम्ही काढून बल्बवर पाहिला. अगदी चांगला होता. पेडलवरचा पिन दाबणारा बोल्ट ढिला होऊन मागे सरकला होता. दोन पान्ह्यांचे, दहा मिनिटांचे काम. जोडलेल्या तारा सोडवून पुन्हा टोके बसवायलाच जास्त वेळ लागला. ऊस भरण्याआधी ज्यांना आपला ट्रॅक्टर असा तपासून हवा असेल त्यांनी तो रिकामा असतानाच यार्डात आणावा. भरलेल्या ट्रॉलीसह रांगेत उभे राहून हे काम होत नाही.