गंज शोधतो आडोसा

'लोखंड गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात' हे वाक्य शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. परीक्षानळ्यांत खिळे ठेवून आपण ते सिद्धही करून दाखवतो. या वाक्याचीच परीक्षा घेणारे एक उदाहरण पाहू.

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने 1950 साली 'टाइप 2' या व्हॅनचे उत्पादन सुरू केले. चपटे तोंड आणि मागे इंजिन असलेली ही व्हॅन पुढे जगभर गेली. ब्राझीलमध्ये तिचे उत्पादन 2013 पर्यंत चालू होते. जुन्या टाइप 2 जपणारे हौशी लोक आजही अनेक देशांत आहेत. अशी एखादी व्हॅन दुरुस्तीला घेऊन चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, की पुष्कळदा तळाच्या पत्र्याची चाळण झालेली दिसते. गंमत अशी, की मॅटच्या बाहेरचा, हवेला उघडा पत्रा त्या मानाने धड असतो. हवा मुबलक तिथे पत्रा शाबूत आणि हवा पोचत नाही तिथे भोक! मग आपले वाक्य चुकले काय?

या प्रश्नाचे उत्तर केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबातून दिले. हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 3 ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घाला. (फेरिसायनाइडचा आम्लाशी संबंध येऊ देऊ नका.) पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. सुरुवातीला निळे आणि गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी होते. नंतर या दोहोंच्या मध्ये गंजाचे तपकिरी कडे उमटते.

निळा रंग म्हणजे लोखंड विरघळत असल्याची खूण. थेंबाच्या मध्यभागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन पत्र्यात सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरतात. हे झाले धनाग्र. सोडलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात. थेंब कडेला पातळ असल्यामुळे तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. तो पाणी आणि इलेक्ट्रॉन यांच्याशी संयोग पावून हायड्रॉक्सिल आयन तयार करतो, म्हणून तिथे फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होते. हे झाले ऋणाग्र. थोडक्यात, ऑक्सिजन लागतो हे खरेच. पण तो जिथे वापरला जातो ती जागा आणि लोखंड झिजते ती जागा वेगवेगळ्या असू शकतात.

आता मॅटकडे परत येऊ. पुढच्या काचेच्या रबरी पट्टीतून झिरपलेले पाणी मॅटखाली साठून राहते. मॅटच्या कडेला ऑक्सिजन मिळतो, आतल्या भागात मिळत नाही. म्हणजे इव्हान्स यांचा थेंबच, फक्त आकाराने मोठा. त्यात युरोपातील हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बुटांबरोबर आत येते आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढवून या क्रियेला वेग देते.

एवढे समजले, की दुरुस्तीतील नेहमीची चूकही समजते. भोकावर नवा पत्रा ठेवून चहूबाजूंनी वेल्डिंगचे टाके मारणे आणि वरून लांबी भरून रंग देणे, हे काम एका दिवसात होते. पण जुन्या आणि नव्या पत्र्यामध्ये एक अरुंद फट राहते. टाक्यांच्या मधून तिच्यात पाणी शिरते, ऑक्सिजन मात्र फारसा शिरत नाही. म्हणजे आपण हाताने नवी मॅट अंथरली! शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे फटीत वाढणारा गंज दोन्ही पत्र्यांना पाचर मारल्यासारखा दूर सारतो.

म्हणून चांगला कारागीर आधी हातोडीने पत्रा ठोकून पाहतो आणि खणखणीत आवाज येईल तिथपर्यंतचा सगळा कुजका भाग कापून काढतो. मात्र त्याआधी तो दाराच्या चौकटीत तात्पुरत्या लोखंडी पट्ट्या जोडून घेतो. याचे कारण या व्हॅनच्या जन्मकथेत आहे. 1949 मध्ये तिचा पहिला नमुना बीटल मोटारीच्या तळावर उभारला होता. तो तळ व्हॅनसाठी कमकुवत ठरला. तेव्हा वेगळ्या सांगाड्याऐवजी तळ, त्याखालच्या लांब व आडव्या पट्ट्या आणि बाजूचे पत्रे मिळून भार पेलतील अशी रचना करण्यात आली. अशा गाडीत तळ कापणे म्हणजे नुसती फरशी उखडणे नव्हे, घराच्या भिंतीला हात घालणे आहे.

नवा पत्रा कापलेल्या जागेत नेमका बसवून कडेला कड जोडतात. तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे एका टोकापासून सलग वेल्डिंग करून चालत नाही. 10 सेंटिमीटर लांबीचे पोलाद 500 अंश सेल्सियसने तापले तर सुमारे 0.6 मिलिमीटरने वाढते. आजूबाजूचा थंड पत्रा ही वाढ होऊ देत नाही आणि पत्र्याला फुगवटा येतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा समोरच्या बाजूला, असे करत मधल्या जागा भरत जातात.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असला तरी जोडाला त्याचा उपयोग उरत नाही. लोखंड 1538 अंशांना वितळते आणि जस्त 907 अंशांनाच उकळते! जोडाजवळचे जस्त वाफ होऊन उडून जाते. (त्याचा धूर अपायकारक असल्याने काम मोकळ्या हवेत, योग्य मुखवटा लावून करावे लागते.) त्यामुळे जोड घासून दोन्ही बाजूंनी गंजरोधक रंग द्यायचा, सांधे लवचीक लुकणाने बुजवायचे आणि पोकळ पट्ट्यांच्या आत पातळ मेणाचा फवारा मारायचा. शेवटी काचेची रबरी पट्टी बदलायची, नाहीतर सारी मेहनत फुकट.

इतका खटाटोप कशासाठी? या व्हॅनमध्ये ब्रेकचे पेडल याच तळातून वर आलेले असते. ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, सीटचे पट्टे यांच्या बैठकीपासून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते. पण 2018 पासून तिथे 40 वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली आहे. म्हणजे लांबी आणि रंगाखाली काय दडले आहे, हे पाहण्याची जबाबदारी आता मालकावरच येते.

थेंबाचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारात फिरवून आणा. खिडकीचे गज चौकटीत जिथे शिरतात ती जागा, बाकाच्या पायाखालची टोपी, पत्र्याच्या छपरावर एक पत्रा दुसऱ्यावर चढतो ती पट्टी पाहा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : इथे थेंबाची कड कोणती आणि मध्य कोणता?