दूरस्थ संगणकाची 'ओळख न पटणे' : एका सूचनेचा अर्थ

विंडोज सर्व्हरशी दुरून जोडणी करू पाहणाऱ्यास पुष्कळदा पडद्यावर पिवळ्या पट्टीची एक सूचना दिसते. दूरस्थ संगणकाची ओळख पटविता आली नाही, असे ती सांगते, आणि तरीही जोडणी करावयाची आहे काय, असे विचारते. कोणी ही सर्व्हर बिघडल्याची खूण समजतो. कोणी तिला निव्वळ उपचार मानून 'होय' म्हणून टाकतो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. येथील नकार ओळखीविषयी नसून पुराव्याविषयी आहे. समोरचे यंत्र तोतया आहे असे हे विधान म्हणत नाही; ते तोतया नाही असे म्हणण्यास आधार सापडला नाही, एवढेच म्हणते. मात्र होकार दिल्यास वापरणाऱ्याचे नाव व सांकेतिक शब्द त्या यंत्राच्या स्वाधीन होतात. म्हणून आधार का सापडला नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

कारण सूचनेतच खाली दिलेले असते आणि तीच ओळ सहसा वाचली जात नाही. सर्वांत साधे कारण नावाचे. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर त्याचे पूर्ण नाव असते. जोडणी करणारा मात्र अंकी आयपी पत्ता किंवा एखादे सोयीचे लघुनाम लिहितो. दोन्ही एकाच यंत्राचे निर्देश करीत असले तरी संगणक अक्षरे ताडून पाहतो, निर्देश नव्हे. जेथे सर्व यंत्रे एकाच डोमेनमध्ये आहेत तेथे पूर्ण नाव लिहिल्यास कर्बेरॉस या पद्धतीने ओळख पटते व सूचना बहुधा उमटतच नाही. तेथेच अंकी पत्ता दिला की ती परत येते. मुदत संपल्याचे कारण दिसल्यास प्रथम आपल्या संगणकाचे घड्याळ पाहावे.

अधिक विचार करावयास लावणारे कारण म्हणजे प्रमाणपत्र विश्वसनीय संस्थेचे नसणे. वेगळी व्यवस्था केली नसेल तर विंडोज सर्व्हर आपले प्रमाणपत्र स्वतःच लिहितो आणि त्यावर स्वतःच सही करतो. अशा दाखल्यास त्रयस्थाची साक्ष नसते. त्याची मुदतही सहा महिन्यांची असते. ती सरल्यावर सर्व्हर नवे प्रमाणपत्र तयार करतो. 'या संगणकासाठी पुन्हा विचारू नये' या चौकटीत खूण केली असली तरी ती जुन्या प्रमाणपत्रापुरतीच असल्यामुळे सूचना पुन्हा उमटते. आता हा बदल नियमाप्रमाणे झालेला आहे की मध्ये दुसरेच यंत्र येऊन बसले आहे, हे पडद्यावरून कळत नाही. खरा धोका येथे आहे; दर सहा महिन्यांनी 'होय' म्हणण्याची सवय जडलेला मनुष्य त्या वेळीही तेच म्हणणार.

यावर तपासाचा मार्ग आहे. प्रत्येक प्रमाणपत्राचा चाळीस चिन्हांचा एक ठसा असतो. इंग्रजीत त्याला अंगठ्याच्याच ठशाचे नाव आहे, आणि दस्तऐवजावरील 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकास त्याचे प्रयोजन वेगळे सांगावयास नको. सूचनेतून प्रमाणपत्र उघडून तो ठसा पाहावा आणि सर्व्हरजवळ प्रत्यक्ष असलेल्या व्यवस्थापकाकडून दूरध्वनीवर तो पडताळून घ्यावा. तेथील प्रमाणपत्रांच्या 'रिमोट डेस्कटॉप' कप्प्यात तोच ठसा आढळला पाहिजे. सर्व्हरच्या सिस्टम नोंदवहीत १०५६ क्रमांकाची नोंद असेल, तर नवे प्रमाणपत्र केव्हा निर्माण झाले हेही कळते.

कायमचा उपाय म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रमाणन-व्यवस्थेकडून, अथवा मान्यताप्राप्त संस्थेकडून, पूर्ण नावाचे प्रमाणपत्र घेणे. पहिल्या प्रकारात त्या व्यवस्थेचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक वापरणाऱ्याच्या संगणकावर आधी बसवावे लागते. तसेच रद्द प्रमाणपत्रांची यादी बाहेरूनही वाचता यावी, हे पाहावे. अन्यथा घरून काम करणाऱ्यास ती तपासता न आल्याची निराळी सूचना दिसेल.

दोन सूचना मात्र या वर्गात मोडत नाहीत. 'प्रकाशक ओळखता येत नाही' ही जोडणीच्या फाइलविषयी आहे, सर्व्हरविषयी नव्हे. क्रेडएसएसपीचा उल्लेख करून जोडणीच नाकारणारा संदेश मे २०१८ च्या सुरक्षा-सुधारणेनंतर पुष्कळांच्या वाट्यास आला. दोहोंपैकी एक यंत्र अद्ययावत नसल्याचे तो सुचवितो. त्यावर सुरक्षेची पातळी उतरविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो न मानता मागे राहिलेले यंत्र सुधारून घ्यावे.